स्नो पडत असताना एडिसनहून मॅनहॅटन : ट्रेन, पाथ, बस की गाडी?

दर डिसेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसलिनकडे नवीन राहायला आलेलं कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, की स्नो स्टॉर्म असला की ऑफिसला कशाने जायचं, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात नेहमी सकाळच असते. सकाळचं सोडा हो. सकाळी धो धो पडत असेल तर मॅनेजरच मेसेज टाकतो की घरून काम करा, नाही टाकला तर तुम्ही टाका. माणूस अडकतो तो संध्याकाळी साडेपाचला, मॅनहॅटनच्या आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर, बुटात पाणी गेलेलं आणि फोनची बॅटरी बारा टक्के. त्यामुळे मी तरी परत कसं यायचं ते आधी ठरवतो, जायचं कसं ते त्यावरून आपोआप ठरतं.

आणि किती इंच पडणार त्याचा फार विचार करू नका. जानेवारी २०१६ च्या स्टॉर्ममध्ये सेंट्रल पार्कात २७.५ इंच पडला, तिथला आजवरचा रेकॉर्ड, पण मुख्य जोर शनिवारी होता, लोक घरात खिचडी करून खिडकीतून बघत बसले. उलट १५ नोव्हेंबर २०१८, गुरुवार, फक्त ६.४ इंच. पण अंदाज जेमतेम इंचभराचा होता, सुरू झाला दुपारी, झाडांवर अजून पानं, रस्त्यांवर पुरेसं मीठ नाही, आणि सगळी जनता एकदम घरी निघालेली. ४२व्या स्ट्रीटच्या बस टर्मिनलमध्ये माणसांचा समुद्र आणि बसेसचा पत्ता नाही, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर गाड्या एकमेकींवर आपटलेल्या, वेस्ट ऑरेंजला तर काही पोरं रात्रभर शाळेतच राहिली. म्हणजे सहा इंचांनी जे केलं ते सत्तावीस इंचांनी नाही केलं. वार आणि वेळ बघायची.

आता ट्रेन. न्यू जर्सी ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइन, ट्रेंटनहून न्यू ब्रन्सविक, एडिसन, मेट्रोपार्क, न्यूअर्क करत मॅनहॅटनचं पेन स्टेशन, साध्या दिवशी मेट्रोपार्कहून पाऊण तास धरा. स्नोमध्येही बहुतेक वेळा हीच सगळ्यात बरी, कारण रुळावर रस्त्यासारखं घसरलेल्या कारचं ट्रॅफिक नसतं आणि चार-सहा इंच भुसभुशीत स्नो इंजिन आरामात उडवत जातं. मी मूळचा डोंबिवलीचा, कुर्ला-सायनला रुळावर पाणी आलं की सगळं ठप्प हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात रूळ दिसत नाहीत इतका स्नो आणि तरी गाडी येतेय हे बघून चाटच पडलो होतो.

पण हिची दुखणी वेगळी आहेत. एक म्हणजे सांधे. गाडी जिथे रूळ बदलते तिथल्या हलणाऱ्या रुळाच्या फटीत बर्फ दबून बसला की सांधा पूर्ण मिटत नाही, आणि मिटला नाही की सिग्नल लाल. म्हणून सांध्यांना हीटर लावलेले असतात (शिकागोत मेट्रा या लोकल रेल्वेवाले तर सांध्यांपाशी गॅसच्या ज्वाळाच पेटवतात, फोटोत रुळांना आग लागल्यासारखी दिसते). दुसरं दुखणं डोक्यावरची वायर. ही लाइन अ‍ॅमट्रॅकची, म्हणजे देशभरातल्या लांब पल्ल्याच्या रेल्वे कंपनीची, आणि तिचं विद्युतीकरण पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने केलेलं १९३० च्या दशकात. जुन्या पद्धतीची वायर दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली असते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत आकसते आणि ताणली जाते, उन्हाळ्यात सैल पडून लोंबते. त्यात वरून फ्रीझिंग रेन, म्हणजे टेकताच गोठणारा पाऊस, झाला की वायरीवर बर्फाचं कवच चढतं, पेंटोग्राफला (गाडीच्या टपावरच्या, वायरीतून वीज घेणाऱ्या दांड्याला) नीट वीज मिळत नाही, ठिणग्या उडत राहतात. म्हणून माझं मत असं की नुसता स्नो असेल तर ट्रेनला घाबरू नका, फ्रीझिंग रेन सांगितला असेल तर घाबरा. दिसायला तो साधा पाऊसच दिसतो आणि लोक तिथेच फसतात.

तिसरं म्हणजे हडसन नदीखालचे बोगदे. १९१० सालचे, दोनच, प्रत्येकात एकच रूळ, आणि २०१२ मध्ये सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं होतं ते वेगळंच. गर्दीच्या वेळी ताशी २४ गाड्या जातात, एक बोगदा बंद झाला की दोन्ही दिशांना एकाच रुळावरून आळीपाळीने सोडावं लागतं आणि आकडा ६ वर येतो. चोवीसवरून सहा! पेन स्टेशनात मग काय होत असेल विचार करा, तिथे एरवीही प्लॅटफॉर्म नंबर गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी लागतो आणि लोक दादरसारखे धावतात.

इथेच पाथ कामाला येते, आणि नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही. पाथ म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटर किंवा ३३व्या स्ट्रीटहून जर्सीकडे येणारी छोटी गाडी, चोवीस तास चालते, आणि नदी ओलांडायचे तिचे बोगदे पूर्ण वेगळे. पेन स्टेशन जाम असेल तर वर्ल्ड ट्रेड सेंटर गाठायचं, तिथून पाथने न्यूअर्क, आणि न्यूअर्कला एडिसनकडची ट्रेन धरायची. मोठी गडबड असली की ट्रान्झिटचं तिकीट पाथवर चालेल अशी घोषणा करतात, त्याला क्रॉस ऑनरिंग म्हणतात, पण ते आपोआप नसतं, घोषणा झालीय का ते बघूनच आत शिरा. पाथचाही एक कच्चा दुवा आहेच, जर्नल स्क्वेअर ते न्यूअर्क हा भाग उघड्यावर आहे आणि वीज घेते शेजारच्या तिसऱ्या, विजेच्या रुळातून, त्यावर बर्फ धरला की गाडी थांबते. मोठ्या स्टॉर्ममध्ये हा तुकडा आधी बंद करतात. ग्रोव्ह स्ट्रीट, न्यूपोर्ट, एक्सचेंज प्लेस, होबोकेन ही स्टेशनं जमिनीखाली, तिथल्यांना स्टॉर्म सुरू आहे हे वर आल्यावर कळतं.

तेव्हा घर अजून घ्यायचंय, नवरा-बायको दोघांचंही ऑफिस मॅनहॅटनमध्ये आणि दोघांनाही रोज जावंच लागतं असं असेल, तर जर्सी सिटीचं भाडं डोळ्यात पाणी आणतं तरी एकदा हिशोब करून बघा. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल तर मात्र हिवाळ्यातल्या चार-पाच वाईट दिवसांसाठी तेवढे पैसे घालवायची काही गरज नाही, एडिसनलाच राहा, ओक ट्री रोडवर भाजी तरी चांगली मिळते.

बसचे भक्त खूप आहेत आणि मला ते कळतं. उबदार, बसायला जागा, झोप काढता येते. सकाळी लिंकन टनेलकडे, म्हणजे हडसनखालच्या रस्त्याच्या बोगद्याकडे, जाणाऱ्या बसेसना वेगळी लेन मिळते, कारवाले रांगेत उभे आणि आपली बस शेजारून सुसाट. पण ती लेन फक्त सकाळची! संध्याकाळी बस त्याच ट्रॅफिकमध्ये, त्याच घसरड्या चढावर, आणि जी बस तुम्हाला घ्यायला यायचीय तीच आधी जर्सीच्या बाजूला अडकलेली, म्हणजे टर्मिनलमध्ये कितीही वेळ उभे राहा. परतीच्या दृष्टीने बघितलं तर स्नोमध्ये बस माझ्या यादीत खालीच. ओल्ड ब्रिज, मार्लबरो अशा रूट ९ वरच्या लोकांना दारात ट्रेनच नाही, रोजचा आधार बसच, त्यांनी त्या एका दिवसापुरतं सकाळी गाडीने अ‍ॅबर्डीन-मॅटवान किंवा मेट्रोपार्क गाठून ट्रेन धरलेली बरी.

गाडीने थेट मॅनहॅटन? नको. टर्नपाइकवर, म्हणजे न्यू जर्सीच्या टोल हायवेवर, स्पीड ३५ मैलांवर आणतात, ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ, दिसत नाही, आणि ५ जानेवारी २०२५ पासून ६०व्या स्ट्रीटच्या खाली शिरायचे दिवसा ९ डॉलर वेगळे. शिवाय गाडीच्या टपावरचा स्नो साफ न करता निघालात तर न्यू जर्सीत २५ ते ७५ डॉलर दंड आहे, आणि तो योग्यच आहे, मागच्याच्या काचेवर ती लादी जाऊन पडते. ड्युटीवर पोचणं भागच असलेले नर्स, डॉक्टर यांची गोष्ट वेगळी, ते आदल्या रात्रीच जाऊन राहतात. फेरीबद्दल विचारत असाल तर ती मुख्यतः होबोकेन-वीहॉकेनवाल्यांची, आपल्याला उलटी वाट.

तर मी काय करतो. सकाळी पडून गेलाय आणि दुपारी थांबणार असेल तर बिनधास्त ट्रेन, उशीर होईल एवढंच. दुपारनंतर सुरू होणार असेल तर जातच नाही, आणि गेलोच तर बारा-साडेबाराला निघतो, मीटिंग असली तरी, ती ट्रेनमधून फोनवर करतो. फ्रीझिंग रेन असेल तर घरी. आणि निघायच्या आधी न्यूअर्कच्या पुढे काय चाललंय आणि अलीकडे काय चाललंय हे वेगवेगळं बघतो, कारण बऱ्याचदा गोंधळ फक्त नदीच्या पट्ट्यात असतो आणि न्यूअर्कच्या अलीकडे, एडिसनच्या बाजूला, गाड्या रडतखडत का होईना चालू असतात.

एक राहिलं. ट्रेन पकडली म्हणजे घरी पोचलो असं नाही, स्टेशन ते घर अजून बाकी असतं. पहिल्या वर्षी मी सकाळी घाईत पार्किंग डेकच्या सगळ्यात वरच्या उघड्या मजल्यावर गाडी लावून गेलो, जागा भरपूर होती, मला वाटलं वा नशीब. रात्री नऊला आलो तर तिथे सात-आठ पांढरे उंचवटे, त्यातला माझा कुठला ते चावीचं बटण दाबून दिवे कुठे लुकलुकतात त्यावरून शोधलं, आणि फावडं, ब्रश, हातमोजे सगळं व्यवस्थित गाडीच्या डिकीत होतं. शेवटी डब्याच्या झाकणाने उकरलं.