पाच रेषांची वही: क्लेफचं वेटोळं आधी तपासा

मडगावच्या बाजारात मिळणारी ही ए-फोर आकाराची, पाश्चात्त्य संगीत लिहायची नोटेशनची वही दिसायला झकास आहे. मुखपृष्ठावर सोनेरी ट्रेबल क्लेफ (क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारी सुरुवातीची खूण), आत पानाला बारा स्टाफ, म्हणजे पाच-पाच रेषांचे पट्टे. पहिल्या निम्म्या पानांवर क्लेफ छापलेले, पुढची पानं क्लेफविना कोरी. कोऱ्या पानांबद्दल तक्रार नाही.

ट्रेबल क्लेफ ही नक्षी नव्हे, खूण आहे. त्याचं वेटोळं खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतं. ती रेष ‘जी’ची, जुन्या मेस्तांच्या, म्हणजे गोव्यातल्या संगीतशिक्षकांच्या भाषेत ‘सोल’ची, आणि बाकीचे स्वर तिथून मोजायचे. या वहीत वेटोळं दुसऱ्या-तिसऱ्या रेषेच्या मधेच फुगलंय. खालच्या स्वरांसाठीच्या बास क्लेफची गत आणखी वाईट. त्याचे दोन ठिपके चौथ्या रेषेच्या वर-खाली हवेत, ती रेष ‘एफ’. इथे ते तिसऱ्या रेषेशी बसलेत. तिसऱ्या रेषेवरचा एफ क्लेफ पूर्वी बॅरिटोनसाठी, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीच्या आवाजासाठी, खरोखर वापरत. त्यामुळे छापलंय तसंच वाचलं तर प्रत्येक स्वर दोन पायऱ्या वर जातो! अकराव्या शतकात ग्विदो दारेझ्झो या इटालियन संगीतज्ञ साधूनं एफची रेष लाल आणि सीची पिवळी काढायला सांगितली, ती गायकाला रेष चटकन ओळखता यावी म्हणूनच. नवशिक्या मुलाला ही वही देऊ नये. पाहून गिरवताना तो हेच ठिपके गिरवील. व्हायोलावाल्यांना तसंही कोरी पानंच लागतात, कारण त्यांचा सी क्लेफ मधल्या रेषेवर असतो.

स्टाफची उंची आठ मिलिमीटर, म्हणजे दोन रेषांत दोन मिलिमीटर. सरावलेल्या हाताला पुरेसं, लहान मुलांना दहा-बारा मिलिमीटर उंचीचे स्टाफ बरे. दोन स्टाफमधलं अंतर साधारण चौदा. व्हायोलिनच्या धड्यांना ते चालतं, मांडो हे गोव्याचं कोंकणी गीत उतरवायला नाही. मांडोचे दोन आवाज एकाच स्टाफवर लिहिले की खालच्या आवाजाच्या दांड्या (स्वराच्या खुणेला जोडलेल्या उभ्या रेघा) खाली जातात. दांडी साडेतीन घरांची (घर म्हणजे दोन रेषांमधली जागा), त्यामुळे सर्वांत खालच्या रेषेवरचा स्वर एकटाच सात मिलिमीटर खातो. उरलेल्या जागेत देवनागरी शब्दांची एक ओळ कशीबशी बसते. दुसऱ्या कडव्याच्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. एक स्टाफ सोडून लिहावं.

कागद पातळ आहे. पावसाळ्यात तो दमट होतो, जेल पेनाची शाई पसरते आणि खोडरबरानं धागे निघतात. टू-बी पेन्सिल हलक्या हातानं वापरली तर निभतं.