उंबरातलं केंबरू : राळेतलं की धुऱ्यावरचं?

उंबरातलं केंबरू म्हणजे अंजीरमाशी. तिची ओळख राळेतल्या, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या चिकातल्या, जीवाश्मापासून करून घ्यावी की धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, उंबरापासून? डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पिवळ्या राळेत अडकलेली अंजीरमाशी दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीची. छातीखाली असलेल्या परागपिशव्यांतले परागकणसुद्धा टिकलेत! इंग्लंडच्या वाइट बेटावरचे जीवाश्म आणखी जुने, ३ कोटी ४० लाख वर्षांचे, पण ते चुनखडीतले. त्यातला एक आधी मुंगी म्हणून नोंदला गेला होता. मात्र राळेत सापडते ती बहुतेक उडणारी मादी. बिनपंखी नर बहुधा फळातच मरतो, तो चिकात अडकणार कसा?

नर पाहायचा तर धुऱ्यावरचा उंबरच गाठा. लाली चढू लागलेली, अजून घट्ट, भोक न पडलेली आठ-दहा फळं तोडा, काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. झाकण घट्ट लावलं की आत दव धरतं, पंख काचेला चिकटतात. फळ मऊ झालेलं असेल तर माद्या आधीच उडालेल्या असतात. दोनेक मिलिमीटरची काळपट मादी दहापट भिंगाखाली धरा. शेपटीला लांब सोंडेसारखी नळी दिसली तर ती परागण करणारी नव्हे, बाहेरून फळ टोचून अंडी घालणारी दुसरीच जात. नर मात्र फळ चिरून आत पाहावा.

राळ फक्त शरीर दाखवते. नर भिंत कुरतडून माद्यांना वाट करून देतो, ते उंबरातच दिसतं, म्हणून सुरुवात इथूनच करावी.