हॉपरचे न्यूयॉर्क: तांब्याच्या पत्र्यापासून कॅनव्हासपर्यंत

न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियम ऑफ अमेरिकन आर्टच्या पाचव्या मजल्यावर १९ ऑक्टोबर २०२२ पासून ‘एडवर्ड हॉपर्स न्यूयॉर्क’ हे प्रदर्शन सुरू झाले आणि ते ५ मार्च २०२३ पर्यंत खुले होते. तैलचित्रे, जलरंगचित्रे, मुद्राचित्रे (म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे) आणि रेखाटने अशा दोनशेहून अधिक कलाकृती येथे मांडल्या होत्या आणि त्यांच्या जोडीला पत्रे, नाटकांची तिकिटे अशी कागदपत्रेही होती. किम कोनाटी यांनी या प्रदर्शनाची रचना केली होती. अमेरिकेचा एडवर्ड हॉपर (१८८२–१९६७) हा एकटेपणाचा चित्रकार, ही ओळख इतकी रूढ झाली आहे की पुष्कळ प्रेक्षक चित्र पाहण्याआधीच उदास व्हायची तयारी करून येतात. हे प्रदर्शन नीट पाहिल्यावर त्या ओळखीच्या मागे दडलेला कारागीर दिसला, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसला तो मोठ्या कॅनव्हासांपेक्षा तळहाताएवढ्या काळ्यापांढऱ्या मुद्राचित्रांमध्ये. म्हणून या लेखात मी मुद्राचित्रांना झुकते माप देणार आहे.

हॉपरचा जन्म हडसन नदीकाठच्या नायक या गावचा. तो तेथूनच न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला येत असे, चित्रकार आणि शिक्षक रॉबर्ट हेन्री यांच्या हाताखाली शिकला, पॅरिसच्या वाऱ्या करून आला आणि १९०८ पासून न्यूयॉर्कमध्ये राहिला. आधुनिक कलेच्या १९१३च्या गाजलेल्या आर्मरी प्रदर्शनात त्याचे एक तैलचित्र विकले गेले खरे, पण त्यानंतर तब्बल दहा वर्षे त्याचे एकही रंगचित्र कोणी विकत घेतले नाही. पोट भरण्यासाठी तो व्यापारी मासिकांची मुखपृष्ठे आणि कथाचित्रे काढीत होता. ते काम त्याला मनापासून नकोसे होते. प्रदर्शनाच्या आरंभीच्या भागात ही मासिकेही ठेवली होती आणि ती ठेवली हे चांगले झाले. कार्यालयातील टेबल, खुर्चीतला माणूस, त्याच्यावर वाकलेली कारकून स्त्री, हॉटेलातील मेज अशा ज्या गोष्टी त्याने पुढे चाळीस वर्षे रंगवल्या, त्यांचा सराव या नावडत्या कामात झालेला दिसतो.

याच कोंडीच्या काळात, १९१५च्या सुमारास, तो अम्लरेखनाकडे (एचिंगकडे) वळला. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढून तांबे उघडे पाडायचे, पत्रा आम्लात बुडवून त्या रेघा खोल करून घ्यायच्या, शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून काढायचा आणि ओलसर कागद वर ठेवून सारे प्रेसमधून दाबून काढायचे, असे हे तंत्र आहे. मुद्राचित्रण शिकलेल्या वाचकांना ते ठाऊकच असेल. इतरांसाठी एवढे सांगितले, कारण ते डोळ्यांसमोर असले की या दालनातील चित्रांचा खरा अर्थ लागतो. या माध्यमात रंग नसतो. उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद आणि अंधार म्हणजे एकमेकींवर कापत गेलेल्या शेकडो रेघा. कुठे काहीच करायचे नाही हे आधी ठरवावे लागते. हॉपरने मिळेल तितका पांढराशुभ्र कागद आणि मिळेल तितकी गडद काळी शाई शोधून वापरली, कारण त्याला मधल्या करड्या छटांपेक्षा या दोन टोकांमधला ताण हवा होता.

‘नाइट शॅडोज’ (१९२१) या मुद्राचित्रासमोर मी सर्वाधिक वेळ उभा राहिलो. ते जेमतेम १७ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद आहे. उंचावरच्या एखाद्या खिडकीतून खाली पाहावे तसा रस्त्याचा कोपरा दिसतो. एक माणूस त्या कोपऱ्याच्या दिशेने चालला आहे. आणि चित्राबाहेरच्या कुठल्यातरी दिव्याने पाडलेली एक लांब, जाड सावली पदपथ तिरकस कापत त्याच्या वाटेत आडवी आली आहे. माणूस अजून तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही. चित्रात याहून काही घडत नाही, तरी काहीतरी घडणार या जाणिवेने पाहणारा थबकतो. रेघांची दिशा नीट पाहिली तर या परिणामाचे कारण हाती लागते. भिंतीवरच्या रेघा दाट आणि एकमेकींना छेदणाऱ्या आहेत, तर दिव्याचा उजेड पडलेला पदपथ जवळजवळ कोरा आहे, त्यामुळे नजर पुनःपुन्हा त्या पांढऱ्या जागेवर घसरते आणि तेथे त्या सावलीखेरीज तिला आधार मिळत नाही. हे चित्र १९२४ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकाने काढलेल्या अमेरिकन अम्लरेखनांच्या संचात समाविष्ट झाले होते, त्यामुळे त्याच्या प्रती बऱ्याच निघाल्या आणि ते बऱ्याच घरांत पोहोचले.

‘ईव्हनिंग विंड’ (१९२१) हे दुसरे. पलंगावर गुडघे टेकून चढणारी एक विवस्त्र स्त्री उघड्या खिडकीकडे वळली आहे आणि वाऱ्याने पडदा खोलीत फुगून आला आहे. तिचा चेहरा केसांनी झाकला आहे. खिडकीबाहेर काय आहे? काहीच नाही, फक्त कोरा कागद. बाहेरचे शहर न दाखवता त्याची चाहूल देण्याची ही युक्ती हॉपरला याच पत्र्यावर सापडली असावी, असे मला वाटते. त्याशेजारचे ‘ईस्ट साइड इंटिरियर’ (१९२२) शिवणयंत्रापाशी बसलेल्या स्त्रीचे आहे. काम करता करता तिने खिडकीकडे मान वळवली आहे. तिचे लक्ष कशाने वेधले हे हॉपर सांगत नाही. या मुद्राचित्रांना त्या काळात पारितोषिके मिळाली, ती विकलीही गेली, म्हणजे चित्रकार म्हणून ज्या शहराने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, त्याच शहरात मुद्राचित्रकार म्हणून त्याला आधी मान मिळाला. अम्लरेखन सुरू केल्यावर आपली रंगचित्रे स्पष्ट आकार घेऊ लागली, अशा आशयाचे त्यानेच पुढे सांगून ठेवले आहे.

हे मनात ठेवून पुढच्या दालनातील तैलचित्रांकडे गेलो की ओळख पटू लागते. ‘ऑटोमॅट’ (१९२७) या चित्रात स्वयंचलित उपाहारगृहात एकटी बसलेली स्त्री आहे. तिच्या एका हातात हातमोजा आहे, दुसरा उघडा आहे, समोर कॉफीचा कप आहे. तिच्या मागच्या मोठ्या काचेत छताच्या दिव्यांच्या दोन रांगा उमटून दूर काळोखात गेल्या आहेत, पण त्या काचेत ना ती स्त्री दिसते, ना टेबल, ना खुर्ची. काचेबाहेरचा रस्ताही नाही. ‘ईव्हनिंग विंड’मधला कोरा कागद येथे काळा झाला, एवढाच फरक. ‘मॉर्निंग इन अ सिटी’ (१९४४) मधली खिडकीसमोर उभी असलेली विवस्त्र स्त्री तर त्या मुद्राचित्रातील स्त्रीच तेवीस वर्षांनी पलंगावरून उतरून उभी राहिल्यासारखी वाटते. ‘रूम इन न्यूयॉर्क’ (१९३२) मध्ये आपण बाहेरून खिडकीतून पाहतो. नवरा वर्तमानपत्रात बुडाला आहे आणि लाल पोशाखातली बायको पाठ वळवून पियानोच्या एका पट्टीवर बोट ठेवून बसली आहे. सूर उमटला की नाही हे कळत नाही, पण त्या बोटाच्या टोकाशी हॉपरने सारे चित्र तोलले आहे.

मांडणीचा सर्वोत्तम भाग म्हणजे ‘आडवे शहर’ या कल्पनेभोवती एकत्र आणलेली पाच तैलचित्रे. ‘मॅनहॅटन ब्रिज लूप’ (१९२८), ‘ब्लॅकवेल्स आयलंड’ (१९२८), ‘अर्ली संडे मॉर्निंग’ (१९३०), ‘अपार्टमेंट हाउसेस, हार्लेम रिव्हर’ (सुमारे १९३०) आणि ‘मॅकोम्ब्स डॅम ब्रिज’ (१९३५) ही ती पाच चित्रे असून प्रत्येकाचा आकार साधारण दीड मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच असा आहे. एरवी ती निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरलेली असतात. ती एका दालनात आली तेव्हा हॉपरचा हट्ट स्पष्ट झाला. क्रायस्लर इमारत १९३० मध्ये आणि एम्पायर स्टेट इमारत १९३१ मध्ये पूर्ण झाली. साऱ्या शहराच्या माना वर गेल्या होत्या. हॉपरने मात्र त्याच वर्षांत दुमजली घरे, पुलांचे कठडे आणि नदीकाठच्या इमारतींची ओळ रंगवली, आणि लांब आडव्या रेषा कॅनव्हासच्या दोन्ही कडांपर्यंत नेऊन चौकटीबाहेरही हे असेच चालू आहे याची जाणीव पाहणाऱ्याला दिली.

‘अर्ली संडे मॉर्निंग’ मी छापील प्रतिमांतून अनेकदा पाहिले होते, तरी मूळ चित्रासमोर बऱ्याच गोष्टी नव्याने दिसल्या. लाल विटांच्या वरच्या मजल्यावरील दहा खिडक्यांपैकी कोणत्याही दोन सारख्या नाहीत. प्रत्येकीचा पडदा वेगळ्या उंचीवर आहे. एका खिडकीत हॉपरने आधी माणूस रंगवला होता आणि मग तो पुसून टाकला. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे अक्षरांसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. उजव्या कोपऱ्यात वर एक काळपट उभा चौकोन आहे. तो शेजारी येऊन ठेपलेल्या उंच इमारतीचा तुकडा आहे, आणि या आडव्या चित्रातील सर्वांत मोठी धास्ती त्या बोटभर पट्टीत आहे. हे घर सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरचे. तो रस्ता उत्तर-दक्षिण जातो, तेव्हा सकाळच्या उन्हाच्या सावल्या त्याच्या लांबीला धरून अशा पसरणे कठीण आहे. म्हणजे हे ऊन रस्त्यावर मिळालेले नसून चित्रकाराने रचलेले आहे. नावातला रविवारसुद्धा आपण दिलेला नव्हता, असे हॉपर सांगत असे. संग्रहालयाच्या संस्थापक गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांनी हे चित्र रंगवले गेले त्याच वर्षी विकत घेतले, तेव्हा संग्रहालयाचे दार अजून उघडलेही नव्हते.

वॉशिंग्टन स्क्वेअरचा विभाग माहिती म्हणून मोलाचा होता. हॉपर १९१३ पासून अखेरपर्यंत ३, वॉशिंग्टन स्क्वेअर नॉर्थ या घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहिला. वर जायला ७४ पायऱ्या होत्या आणि शेगडीचा कोळसा तेथपर्यंत चढवावा लागे. मुद्राचित्रे छापण्याचा त्याचा प्रेसही तेथेच होता. न्यूयॉर्क विद्यापीठाने ती इमारत घेतल्यावर भाडेकरूंना हलवण्याचा घाट घातला, तेव्हा त्याने आणि त्याच्या पत्नीने नेटाने विरोध केला. इतका अबोल माणूस जागेसाठी पत्रे लिहीत लढत होता, हे कळल्यावर त्याच्या गच्च्यांच्या आणि धुराड्यांच्या चित्रांकडे वेगळ्या आस्थेने पाहिले जाते. नाट्यगृहांच्या विभागात दोघांनी पाहिलेल्या नाटकांची जपून ठेवलेली तिकिटे होती. स्वस्तातल्या वरच्या बाल्कनीतून रंगमंच खाली दिसतो तो कोन आणि ‘नाइट शॅडोज’चा कोन यांचे नाते प्रेक्षकाला तेथे आपोआप जुळवता येत होते.

आता मला खटकलेल्या गोष्टी. पहिली मुद्राचित्रांच्या मांडणीची. ज्या कामावर सारी पुढची इमारत उभी आहे ते अरुंद भागात, एकाशेजारी एक दाटीने लावले होते. गर्दीच्या वेळी तेथे दोन माणसे उभी राहिली की तिसऱ्याला काही दिसत नसे. कागदावरच्या कामाला प्रकाश मंद ठेवावा लागतो हे मान्य, पण निदान एका चित्राच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे ठसे, त्याचे पूर्वरेखाटन आणि पत्रा शेजारी शेजारी, ऐसपैस जागा देऊन दाखवायला हवा होता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ही चित्रे झाली त्या काळात दक्षिणेतून लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडच्या शहरांत येत होती आणि हार्लेममध्ये साहित्य, संगीत व कला बहरली होती. हॉपरच्या न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मागमूस नाही. हार्लेम नदी आहे, हार्लेमची माणसे नाहीत. चित्रकाराने काय रंगवावे हे आपण ठरवू शकत नाही, पण प्रदर्शनाच्या शीर्षकात शहराचे नाव घेतल्यावर या अनुपस्थितीबद्दल भिंतीवरच्या टिपांनी स्पष्ट बोलायला हवे होते.

तिसरी गोष्ट जो हॉपरची, म्हणजे जोसेफिन निव्हिसनची. ती स्वतः चित्रकार होती. १९२३ मध्ये ब्रुकलिन म्युझियमच्या प्रदर्शनात तिची चित्रे घेतली गेली, तेव्हा तिने हॉपरचे नाव सुचवले आणि त्यातूनच त्या संग्रहालयाने त्याचे ‘द मॅनसार्ड रूफ’ हे जलरंगचित्र १०० डॉलरला घेतले. दहा वर्षांचा दुष्काळ तेथे संपला. १९२४ मध्ये लग्न झाल्यावर त्याच्या चित्रांतील स्त्रियांसाठी तीच मॉडेल म्हणून बसली, विकलेल्या चित्रांच्या नोंदवह्या तिनेच लिहिल्या, आणि १९६८ मध्ये तिच्या निधनानंतर हॉपरच्या कलाकृतींचा प्रचंड ठेवा तिच्या मृत्युपत्राने याच संग्रहालयाकडे आला. त्यासोबत आलेल्या तिच्या स्वतःच्या चित्रांपैकी बरीच मात्र संग्रहालयाने आपल्याकडे ठेवली नाहीत. या प्रदर्शनात तिने राहत्या घराची केलेली काही जलरंगचित्रे होती. ती मोकळी, रंगांनी भरलेली आणि तिच्याच नजरेची आहेत. ती पाहून तिला एक स्वतंत्र भिंत द्यायला हवी होती असे तीव्रतेने वाटले.

शिकागोच्या संग्रहात असलेले हॉपरचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘नाइटहॉक्स’ येथे नव्हते. त्याची खंत बाळगू नये; ते असते तर सारी गर्दी त्या एकाच भिंतीपाशी झाली असती आणि ‘अप्रोचिंग अ सिटी’ (१९४६) सारखे चित्र, ज्यात रुळांची जोडी काळ्या बोगद्यात शिरते आणि शहर जणू त्या अंधारापासून सुरू होते, शांतपणे पाहायला मिळाले नसते.

व्हिटनीची इमारत गान्सव्हूर्ट स्ट्रीटवर, हाय लाइन या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरच्या उद्यानाच्या दक्षिण टोकाला आहे. न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या मराठी मंडळींना पाथ रेल्वेने क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरून पायी जाता येते. तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, म्हणून ते आधी संकेतस्थळावरून काढावे. प्रदर्शनाच्या काळात शुक्रवारी संध्याकाळी ७ नंतर इच्छेनुसार पैसे देऊन प्रवेश मिळत असे, पण त्या वेळी मुद्राचित्रांसमोर थांबणे कठीण होते. कामाच्या दिवशी संग्रहालय उघडताच जावे, मुद्राचित्रांचा भाग आधी पूर्ण पाहावा, मग तैलचित्रे पाहावीत आणि बाहेर पडण्यापूर्वी ‘ईव्हनिंग विंड’ व ‘मॉर्निंग इन अ सिटी’ या दोहोंमध्ये एकदा तरी ये-जा करावी, अशी प्रदर्शन चालू असताना माझी आग्रहाची शिफारस होती.