अर्ध्या अस्तराचा लिनन ब्लेझर, रत्नागिरीची शिलाई

वैशाखातलं लग्न, अंगणात मांडव आणि दुपारचा मुहूर्त. अशा वेळी बहुतेक रेडिमेड ब्लेझर अक्षता पडायच्या आधीच खुर्चीच्या पाठीवर जातात. त्यांचं कापड बरं असतं, पण आतला माल उकाडा कोंडतो. पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर, छातीभर फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवलेलं आतलं कापड), खांद्यात जाड पॅड. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका टेलरकडून शिवून घेतलेला हा लिननचा ब्लेझर इथल्या हवेला उतरला, तो आतून हलका असल्यामुळे.

मध्यम बांध्याला ५८ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड पुरतं. कापण्याआधी ते रात्रभर भिजवून सावलीत वाळवून घ्या. लिनन पाण्याला आटतं. शिवल्यावर आटलं तर बाहीचं अस्तर खालून लोंबतं.

अस्तर फक्त खांद्यांना, पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना लावलंय. बाह्यांचं अस्तर वाचवू नका, नाहीतर शर्टावर कापड अडकत राहतं. व्हिस्कोसचं अस्तर मागून घ्यावं, ते घाम टिपतं. पाठ उघडी राहिल्याने आतल्या शिवणी दिसतात. त्यांना इथे गोट लावलाय, आणि तो सुरेख बसलाय. छातीला सुती कॅनव्हास हातटाक्याने धरलाय. हलक्या दर्जाचं फ्यूजिंग वाफेच्या इस्त्रीने आणि दमटपणाने सुटतं, मग लॅपलवर, म्हणजे छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीवर, फुगवटे येतात. ते पुन्हा सपाट बसत नाहीत.

खटकलं ते मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचं माप. खोल मुंढा मोकळा वाटेल असा टेलरचा समज, पण प्रत्यक्षात हात उचलला की अख्खा कोट वर चढतो. कच्च्या ट्रायललाच अक्षता टाकतो तसा हात वर करून बघा. कापल्यावर मुंढा खाली नेता येतो, वर आणता येत नाही. म्हणून पहिल्या कापणीलाच तो वर ठेवायला सांगितलेलं बरं. बाही इतकी हवी की शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल. बाहीच्या टोकाला आत इंचभर दाब (दुमडलेलं जादा कापड) ठेवून घ्या. काजं मशीनची आहेत, ठीक आहेत. मे महिन्याच्या लग्नासाठी एप्रिलमध्ये माप देऊ नका, दुसरी ट्रायल मिळत नाही.

रंगाबद्दल ठाम मत आहे. नेव्ही ब्लू मांडवात दहाजणांच्या अंगावर असतो. जांभ्या दगडाचा तांबूस तपकिरी घ्या. पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या सुती शर्टावर तो उठून दिसतो. पँट मात्र त्याच लिननची नको, गुडघ्यांना फुगते. गडद राखाडी सुती पँट चांगली. टायऐवजी बंद गळ्याचा शर्ट चालतो. खिशातला रुमाल घरातल्या जीर्ण सुती लुगड्याचा करावा. १२ इंचांचा चौकोन, कडा हाताने वळवून शिवलेल्या, काठ वर दिसेल असा. काठातला एखादा रंग शर्टात किंवा कोटात असला पाहिजे. दोन बटणांतलं खालचं उघडंच ठेवा, बसताना दोन्ही सोडा. वरून शिवलेल्या खिशांत मोबाइल टाकला तर लिनन ओघळतं.

पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडून बुरशी धरते. रुंद खांद्याचा हँगर आणि सुती खोळ पुरे. ठेवण्याआधी घाम पूर्ण वाळू द्या, आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला खोळ काढून तासभर पंख्याखाली टांगा.