स्टोरीवीव्हर : घरी मराठी वाचन घेणाऱ्यांसाठी

नातीची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे तिचं मराठी वाचन घरीच चालतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ वापरते. अक्षरं लागलेल्या मुलासाठी याहून चांगलं काही मला अजून मिळालेलं नाही.

बंगळूरच्या या संस्थेने ते २०१५ साली सुरू केलं. मराठीसह ३००हून अधिक भाषांत चित्रांच्या गोष्टी, सगळ्या फुकट. गोष्टी चार पायऱ्यांत लावल्या आहेत: पहिलीत २५० शब्दांच्या आतल्या, दुसरीत ६०० पर्यंत. पहिल्या पायरीवर पानाला एक-दोनच वाक्यं असतात. मूल दमत नाही आणि अख्खं पुस्तक आपण वाचलं, हा आनंद त्याला एका बैठकीत मिळतो. तो आनंद फार मोलाचा आहे.

पायरीचा आकडा पाहून गोष्ट निवडू नका. पायऱ्या सगळ्या भाषांना त्याच आहेत, आणि मराठीत मूल अडतं ते जोडाक्षरापाशी. 'बदक', 'मगर', 'गवत' सरळ वाचणारी नात 'पुस्तक'पाशी थांबते. म्हणून गोष्ट आधी मी एकटी वाचते. रफार किंवा 'ऱ्या' असलेली वाक्यं सध्या माझी, बाकीची तिची.

शेजारी मोठं माणूस हवंच. 'चार' आणि 'चारा' यांतला च लिहायला एकच, उच्चार दोन. ते कानावरच पडावं लागतं. मूल अडलं की लगेच शब्द सांगून टाकू नका, काना-वेलांटी निरखायला त्याला उसंत द्या. अक्षरओळखच झाली नसेल तर तूर्त याच गोष्टी मांडीवर घेऊन वाचून दाखवा.

मला सर्वांत आवडलेली सोय वेगळीच. मूळ लेखक-चित्रकारांचं श्रेय दिलं की भाषांतर, बदल, छपाई सगळ्याला मुभा आहे. एक हिंदी गोष्ट मी जोडाक्षरं शक्य तितकी टाळून आमच्या घरच्या बोलीत उतरवली. तशी वाक्यं बांधायला बराच वेळ लागला, पण नातीने ती कुठेही न थांबता वाचली. आता पीडीएफ उतरवून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते. कागदावर तिला अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढता येते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच शब्दांपासून सुरुवात करतो.