पहिला कपडा कशावरून बेतावा: जुन्या कपड्यावरून, छापील पॅटर्नवरून की स्वतःच्या मापांवरून?

शिवणयंत्रावर सरळ टीप मारता येऊ लागली, उशांचे अभ्रे आणि पिशव्या शिवून झाल्या, की स्वतःच्या अंगावर घालायचा कपडा शिवावासा वाटतो, आणि बहुतेक नवशिके नेमके तिथेच थांबतात, कारण समोर पसरलेल्या कापडावर खडूची पहिली रेघ कुठे ओढायची हे त्यांना ठाऊक नसते. ही रेघ ठरवण्याचे तीन मार्ग आहेत: अंगाला नीट बसणारा एखादा जुना कपडा कागदावर उतरवून घेणे, तयार छापील पॅटर्न (कपड्याच्या भागांचे कागदी नमुने) वापरणे आणि अंगाची मापे घेऊन ड्राफ्ट, म्हणजे कागदावरचा आराखडा, स्वतः काढणे.

या तिघांत निवड करताना मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवतो. पहिला कपडा थोडाफार बिघडणारच. तो बिघडल्यावर चूक नेमकी कुठे झाली हे नवशिक्याला शोधता आले पाहिजे. मुंढ्यात (बाही जिथे जोडतात त्या वळणात) ओढ बसली तर ती बेतण्यातल्या चुकीमुळे, कापताना कापड सरकल्यामुळे की टीप वाकडी गेल्यामुळे, हे अनुभवी हाताला लगेच कळते, नवशिक्याला कळत नाही. म्हणून ज्या मार्गात शंकेच्या जागा सर्वांत कमी, तो मार्ग पहिल्या कपड्यासाठी सर्वांत चांगला, आणि माझ्या मते तो जुना कपडा उतरवून घेण्याचा आहे. कपाटात न ताणणाऱ्या कापडाचा, साध्या बेताचा, टक्स (अंगाचा आकार येण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या) नसलेला आणि मनासारखा बसणारा एखादा कपडा मात्र हवा. तो आपल्याला बसतो हे आधीच सिद्ध झालेले असते, त्यामुळे नवा कपडा बसला नाही तर चूक उतरवण्यात, कापण्यात किंवा शिवण्यात आहे, एवढे निश्चित होते.

उतरवून घेण्याची रीत सोपी असली तरी तिला सावकाशपणा लागतो. कपडा धुऊन, इस्त्री करून, उभ्या मध्यावर दुमडावा. खाली जाड पुठ्ठा किंवा घोंगडी, त्यावर कागद आणि त्यावर कपडा ठेवून शिवणीच्या रेषेतूनच बोटभर अंतरावर टाचणी आरपार टोचत जावे. वळणदार भागात, म्हणजे गळा आणि मुंढा येथे, टाचण्यांचे अंतर आणखी कमी ठेवावे. कपडा उचलला की कागदावर बारीक भोकांची रांग राहते; ती पेन्सिलीने जोडली की कपड्याचा तो भाग हाती येतो. पुढचा आणि पाठीचा भाग वेगवेगळा उतरवावा, कारण पुढचा गळा पाठीपेक्षा खोल असतो आणि मुंढाही पुढच्या बाजूला अधिक आत गेलेला असतो. मग दोन पडताळण्या कराव्यात: पुढच्या आणि पाठीच्या खांद्याची लांबी जवळपास सारखी भरते का, आणि बाहीच्या माथ्याचे वळण टेप उभी धरून मोजले तर ते मुंढ्याएवढे किंवा किंचित जास्त येते का. त्यानंतरच कडेने माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवायचे जादा कापड, वाढवावी. टोचलेली रेघ ही शिवणीची असते, कापण्याची नव्हे. या एका विसरामुळे अनेकांचा पहिला कपडा अंगात शिरत नाही.

जुना कपडा झिजलेला असेल आणि त्याचा मोह नसेल, तर तो पूर्ण उसवणे याहून उत्तम. उसवलेले भाग इस्त्रीने सपाट होतात, टक्ससुद्धा उलगडून जसेच्या तसे उतरवता येतात आणि माया किती ठेवली होती तेही दिसते. शिवाय सर्वांत शेवटी मारलेली टीप सर्वांत आधी निघत असल्याने तो कपडा कोणत्या क्रमाने शिवला गेला हे उलटीकडून वाचता येते. उसवताना प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून ठेवावा. तोच क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला की शिवण्याचा क्रम मिळतो.

या मार्गाच्या मर्यादाही खऱ्या आहेत. विणलेल्या होजिअरीच्या टी-शर्टवरून साध्या सुती कापडाचा कपडा बेतला तर तो डोक्यातून उतरणार नाही, कारण मूळ कपडा ताणून बसत होता. वर्षानुवर्षे वापरलेल्या कपड्याचा गळा सैल झालेला असतो, कोपरे आणि गुडघे फुगलेले असतात, आणि हा फुगवटाही कागदावर उतरतो. मूळ कपड्यातला दोष नव्या कपड्यात येतो, हे तर उघडच आहे.

छापील पॅटर्नची वाट जुनी आणि तावून सुलाखून निघालेली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या आकारांत कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली आणि घरी कपडे शिवणाऱ्यांसाठी एक मोठे दार उघडले. आजही या मार्गाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सोबत येणारी सूचनापत्रिका: कोणता भाग कोणत्या भागाला आधी जोडायचा, कापडाच्या लांबीकडे जाणारा उभा धागा कुठल्या दिशेने ठेवायचा, कुठे खूण जुळवायची, हे सारे त्यात असते. कॉलर, खिसा, चेन यांसारख्या गोष्टी शिकायच्या असतील तर जुना कपडा मुका असतो, पॅटर्न बोलतो.

मात्र हा मार्ग निवडणाऱ्याने तीन ठिकाणी सावध राहावे. पॅटर्नवरचा साइज क्रमांक तयार कपड्यांच्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही, म्हणून निवड नेहमी मापांच्या तक्त्यावरून करावी. तयार कपड्याचे माप दिले असेल तर तेही पाहावे: अंगाची छाती ९२ सेंमी आणि तयार कपडा १०२ सेंमी असेल, तर त्यात १० सेंमी सैलपणा धरलेला आहे, आणि तेवढा आपल्याला हवा आहे का हे अंगातल्या आवडत्या कपड्याशी ताडून ठरवता येते. दुसरे, मायेचा हिशेब सगळीकडे सारखा नसतो. अनेक मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये दीड सेंमी माया आधीच धरलेली असते, तर युरोपातील काही नियतकालिकांच्या पॅटर्नमध्ये ती मुळीच नसते. दीड सेंमी मायेच्या जागी एक सेंमीवर टीप मारली तर दोन्ही बाजूंच्या शिवणी मिळून चार कडांवर अर्धा-अर्धा सेंमी वाढतो आणि कपडा दोन सेंमीने सैल होतो.

तिसरी गोष्ट घरी छापायच्या पॅटर्नची. अशा पॅटर्नवर तपासणीसाठी एक चौकोन दिलेला असतो. मी एकदा तो न मोजता सगळी पाने छापली, चिकटवली आणि शर्ट कापला; बटणे लावायच्या वेळी तो छातीवर आवळला, तेव्हा मोजून पाहिले तर १० सेंमीचा चौकोन ९.७ सेंमी भरला. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण १०० सेंमीच्या घेरात तो पूर्ण तीन सेंमी होतो. पहिले एकच पान छापून चौकोन मोजावा आणि मगच पुढे जावे.

पॅटर्न ठरावीक शरीरप्रमाण गृहीत धरून काढलेले असतात, हे विसरू नये. स्त्रियांचे कित्येक पॅटर्न बी कपच्या छातीसाठी बेतलेले असतात. छाती त्याहून भरलेली असेल आणि केवळ छातीच्या घेरावरून आकार निवडला, तर खांदा आणि गळा ढगळ होतात. अशा वेळी काखेखालून, छातीच्या वरून घेतलेल्या मापावर आकार निवडून छातीपुरती जागा वाढवणे श्रेयस्कर, पण ही दुरुस्ती पहिल्याच कपड्यात करणे अवघड जाते.

स्वतःच्या मापांवरून ड्राफ्ट काढणे हा तिन्हींतला सर्वांत समर्थ मार्ग आहे, आणि ज्याला आयुष्यभर शिवायचे आहे त्याने तो कधीतरी शिकलाच पाहिजे. तरीही एकट्याने शिकणाऱ्याला सुरुवातीला मी तो सुचवणार नाही. आपले आपण माप घेताना वाकावे, वळावे, हात उचलावे लागतात आणि त्याबरोबर मापही बदलते. पाठीची रुंदी किंवा खांदा ते कंबर ही मापे दुसऱ्यानेच घ्यावी लागतात. शिवाय अनेक पद्धतींत मुंढ्याची खोली छातीच्या मापाच्या ठरावीक हिश्श्यावरून काढतात, त्यामुळे छाती रुंद पण खांदे अरुंद असलेल्या माणसाला सूत्र अचूक पाळूनही कपडा बसत नाही. मांजरपाटात (स्वस्त, कोऱ्या सुती कापडात) एक-दोनदा नमुना शिवून, अंगावर टाचण्या लावून सुधारावा लागतो. शेजारी शिकवणारे कुणी असेल, तर मात्र हे सर्व आक्षेप निम्म्याने कमी होतात.

याला एक सुंदर अपवाद आहे, तो गोल घेराच्या स्कर्टचा. येथे सूत्र आणि शरीर यांच्यात काही तडजोड नसते: कमरेचे माप ६.२८ ने भागले की आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. कंबर ७२ सेंमी असेल तर ती सुमारे ११.५ सेंमी येते. माया वर्तुळाच्या आतल्या बाजूने धरायची असल्याने प्रत्यक्ष कापायची रेघ त्याहून लहान त्रिज्येवर ओढावी. घेराचा काही भाग तिरप्या धाग्यावर येत असल्याने तो लोंबतो, म्हणून स्कर्ट एक दिवस टांगून ठेवून मगच खालची दुमड घालावी.

ज्यांच्याजवळ उतरवण्याजोगा कपडा नाही, किंवा ज्यांना तयार कपडे कधीच नीट बसत नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. पहिल्यांनी कमी तुकड्यांचा, सैल बेताचा छापील पॅटर्न घ्यावा. नेफ्यात इलॅस्टिक घातलेला पायजमा यासाठी चांगला. दुसऱ्यांना उतरवण्यासारखे काही सापडणार नाही आणि पॅटर्नही दुरुस्तीशिवाय चालणार नाही, तेव्हा त्यांनी ड्राफ्टिंगचे कष्ट आधीच घेतलेले बरे, फक्त सुरुवात बाहीच्या कपड्याने न करता स्कर्टने करावी.

कोणताही मार्ग घेतला तरी सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. पहिला कपडा तयार झाल्यावर कागदी नमुना टाकून देऊ नये; कुठे आवळते, कुठे सुटते हे पेन्सिलीने त्याच्यावरच लिहून ठेवावे, आणि दुसरा कपडा त्याच कागदावरून, तशाच कापडात, एखादीच गोष्ट बदलून शिवावा: गळा एक सेंमीने खोल किंवा बाही दोन सेंमीने आखूड.