परवानगीच्या नावाखाली साठ हजार गेले. गावात घर बांधणाऱ्यांनी वाचून घ्या

घर बांधायला कागद लागतात, त्यात वाद नाही. पण आमच्याकडून ज्या परवानगीचे पैसे घेतले, ती आमच्या घराला लागतच नव्हती. आणि जे कागद खरोखर लागत होते, ते पैसे घेणाऱ्या एजंटानं केलेच नाहीत. बँकेनं गृहकर्जाची फाइल परत केली तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदमच समोर आल्या.

गाव वर्धा जिल्ह्यातलं. जागा गावठाणातली, आजोबांची, वारसानं बाबांच्या नावावर चढलेली. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आहे, घरटॅक्स भरलेला आहे. साधारण 1,350 चौरस फूट. जुनं मातीचं घर पावसाळ्यात एका अंगानं बसलं, म्हणून ते पाडून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोर पडवी एवढंच बांधायचं होतं. खर्च दहा लाखांच्या आतला. थोडा कापसाचा चुकारा हातात होता, बाकी कर्ज.

हा एजंट तालुक्याला तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचा. बाहेर फ्लेक्स: एनए (जमीन बिगरशेती करणं), मोजणी, नकाशा मंजुरी, बांधकाम परवाना, घरकुल, सर्व कामे खात्रीशीर. लोक त्याला इंजिनिअर साहेब म्हणत. बाबांना म्हणाला, "काकाजी, तुमी कायले टेन्शन घेता? पंचायतीत फाइल टाकली तं सहा महिने पडून रायते. मी वरून आणून देतो ना." पुढं प्रत्येक वेळी त्याचं हेच पालुपद: ग्रामसेवकाले सांगू नका, सरपंचाच्या कानावर घालू नका, गावातले लोक आडवे येतात. आमच्या प्लॉटपासून ग्रामपंचायत हाकेच्या अंतरावर. तिथं आमचा पाय पडू नये, यातच त्याचा सगळा धंदा होता.

पहिले वीस हजार 'नकाशा आणि टाउन प्लॅनिंग'चे. मग पंधरा हजार 'एनए आणि लेबर सेस'चे. गावठाणातल्या घराला एनएचा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या राहण्याच्या, आमच्यासारख्या दहा लाखांच्या आतल्या घराला बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकरही लागत नाही. म्हणजे हे पंधरा हजार सरळ हवेतले. काही दिवसांनी त्यानं एक मंजुरीपत्र आणि निळसर नकाशा आणून दिला. गोल शिक्का, हिरव्या शाईची सही, सगळं झकास.

खरा हात त्यानं मारला तो तपासणीच्या वेळी. आमच्याकडं काळी माती, पाया खोल घ्यावा लागतो. कॉलम भरून झाले, प्लिंथचं, म्हणजे जोत्याचं, काम सुरू झालं आणि एक जण मोटरसायकलवर आला. गाडीच्या पुढं लाल अक्षरांत 'महाराष्ट्र शासन'. ओळखपत्र नाही, काही नाही. "टाउन प्लॅनिंगमधून आलो, इन्स्पेक्शन आहे." टेप काढला, शेजाऱ्याच्या भिंतीपासून माप घेतलं, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "कॉलम बाहेर आहे. साइड मार्जिन (शेजारच्या बाजूनं मोकळी सोडायची जागा) सुटत नाही. तोडावं लागते." बाबांचं तोंड उतरलं. तो माणूस चौकापर्यंत पोचला नसेल तोच इंजिनिअर साहेबांचा फोन: "लय कडक आहे तो, पण माह्या शब्दाबाहेर नाही. पंचवीसमध्ये मिटवतो." भरलेला कॉलम तोडायचा म्हणजे सळई, गिट्टी, मजुरी मिळून त्याहून जास्त जाते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर माणूस खड्डे खोदताना आला नाही, कॉलम भरल्यावर आला. पंचवीस हजार रोख गेले.

संध्याकाळी मिस्त्री पाय धुता धुता म्हणाला, "भाऊ, त्यानं टेपचं टोक भिंतीला लावलंच नव्हतं, अलीकडंच धरलं होतं. फूटभर माप तं तिथंच गेलं." मग आम्ही दोघांनी परत मोजलं. कॉलम जागच्या जागी होता.

बँकेचा माणूस पाहणीला आला तेव्हा कागद उघडा पडला. त्यानं मोबाइलवर तारीख पाहिली: मंजुरीपत्रावरचा दिवस रविवार. शिक्क्यावर आमच्या तालुक्याचं नाव. नगररचनेचं (टाउन प्लॅनिंगचं) कार्यालय तर जिल्ह्याला असतं. नकाशावर ज्या इंजिनिअरचा परवाना क्रमांक होता, त्यांना फोन लावला तर त्यांना आमचं गावही माहीत नव्हतं. आणि साठ हजारांत सरकारी पावती एकही नाही. ग्रामपंचायतीत भरलेल्या प्रत्येक पैशाची छापील, क्रमांक असलेली पावती मिळते. किरकोळ रक्कम नमुना 7 वर, कर आणि फी नमुना 10 वर. आम्हाला मिळाल्या होत्या त्या वहीच्या कागदावरच्या आकडेमोडी.

त्यानंतर गेलो ग्रामसेवकाकडं. (आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतं!) त्यांनी समजावलं ते असं. 2020 च्या शेवटी राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि तिच्या आधारानं 2021 मध्ये ग्रामीण भागासाठी निर्णय झाला. 150 चौरस मीटर, म्हणजे साधारण 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायला नगररचनेच्या परवानगीची गरज नाही. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, आराखडा नियमात बसतो असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र, एवढं ग्रामपंचायतीत जमा करायचं आणि विकास शुल्क भरायचं. 1,600 ते 3,200 चौरस फुटांत असाल तर त्याच कागदांवर ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. आमचं काम नंतर याच रस्त्यानं झालं. इंजिनिअरची फी आणि शुल्क मिळूनही त्या साठ हजारांच्या जवळपास जात नाही.

गावठाणाबाहेर जागा असेल तर गोष्ट वेगळी. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणं तहसीलमधून आकारणी भरून सनद (बिगरशेती वापराचा दाखला) मिळायची, पण सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन) लिहिलं आहे का ते आधी बघा. शेतात लेआउट टाकून 'ग्रामपंचायत नमुना 8 करून देतो' म्हणणारे जास्त धोक्याचे. नमुना 8 ही टॅक्सची नोंद आहे. तिनं मालकी सिद्ध होत नाही, परवानगी तर नाहीच नाही.

तक्रारीचं सांगतो. पोलिस ठाण्यात आधी "पैसे तुम्हीच दिले ना" एवढ्यावर बोळवण झाली. तेव्हा नगररचना कार्यालयाला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: मंजुरीपत्रावरच्या या जावक क्रमांकाच्या नोंदीची प्रत द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. उत्तर आलं की त्या क्रमांकावर दुसऱ्याच गावच्या पत्राची नोंद आहे. हा कागद समोर ठेवल्यावर पोलिसांचा सूर बदलला. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आणि 336 बनावट कागदाचं. अर्जात दोन्ही लिहा. पहिले पस्तीस हजार यूपीआयवर त्याच्या साळ्याच्या नंबरवर गेले होते, ते स्क्रीनशॉट कामी आले. रोख पंचवीसचा पुरावा म्हणजे मिस्त्रीचा जबाब. आणि तपासणीला आलेला माणूस खराच सरकारी असून पैसे मागत असेल, तर तिथं एजंटाच्या मध्यस्थीची गरज नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 नंबर त्याचसाठी आहे.

पैसे अजून आलेले नाहीत, चौकशी चालू आहे. तहसीलसमोरचा फ्लेक्स मात्र उतरला. शेजारच्या दोन गावांतल्या लोकांकडं याच शिक्क्याचे कागद निघालेत. त्यांना आता त्याचे फोन येताहेत: "कागदात थोडी दुरुस्ती हाय, ओरिजनल घेऊन या." आम्हालाही आला होता. देऊ नका. ते पत्र खोटं असलं तरी त्याच्याविरुद्धचा तोच मुख्य पुरावा आहे. पोलिसांना देतानाही आधी झेरॉक्स काढा, अर्जाच्या दुय्यम प्रतीवर पोच घ्या आणि मगच मूळ कागद हातातून सोडा.